रिकाम्या पेटीतले लाल चेंडू

"बारीक कर गं तो आवाज. डोकं उठलंय माझं."

हे वाक्य थोरली दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की इस्त्रीच्या टेबलालासुद्धा पाठ झालं असेल. समोरच्या टेबलावर धाकटी. तिच्या टेबलाच्या कडेला, स्टार्चच्या डब्याला टेकवून ठेवलेला दुकानाचा जुना टॅब्लेट. आणि टॅब्लेटच्या आत फळ्यासमोर उभे असलेले एक काटकुळे सर. हिरवा स्वेटर, कोपराला ठिगळ, हातात खडू. सर गणित शिकवत. गणित आणि तर्कशास्त्र! लोक कामाच्या जागी गाणी लावतात, मालिका लावतात, काहीच नाही तर गप्प बसतात. ही बया गणित लावायची. बरं, कोणी हिच्या मागे लागलंय? नाही. शिकून नोकरी लागणार आहे? तेही नाही. थोरलीने एकदा विचारूनही बघितलं होतं, "कशासाठी चाललंय गं हे?"

"कशासाठी म्हणजे? मजा येते, ताई."

मजा! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गणितात मजा येते म्हणणारी माणसं एक तर खोटं बोलतात, नाहीतर दुसऱ्याला खिजवतात, असं तिचं ठाम मत होतं.

दुकान लाँड्रीचं. मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं, तिथे दोघे भाऊ. मधल्या खोलीत इस्त्रीची दोन टेबलं, तिथे त्या भावांच्या बायका, म्हणजे या दोघी जावा. आणि पुढे रस्त्याच्या बाजूला, काचेच्या दाराजवळ गल्ला. गल्ल्यावर सासूबाई. उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर विटक्या निळ्या कापडाची उशी, डाव्या हाताला पावत्यांचा गठ्ठा आणि उजव्या हाताला चष्म्याची डबी. त्या खुर्चीवर सासूबाईंशिवाय आजवर कोणी बसलेलं नव्हतं. दुकानातल्या मांजराचीसुद्धा हिंमत झाली नव्हती.

थोरली या घरात सून म्हणून आली ती गणितात सपाटून आपटून. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी भर वर्गात सांगितलं होतं, "तुझ्या डोक्यात नुसता भुसा आहे, कुणाच्या तरी गोठ्यात उपयोगी पडेल." वर्ग हसला होता. ते हसू थोरलीच्या कानात अजून कुठेतरी खाली बसलेलं होतं. सासूबाईंनी मात्र तिला कधी शाळेचं विचारलं नाही. तिचा हात धरून इस्त्री शिकवली. आधी कॉलर, मग खांदे, मग कफ, मग बाह्या. पाठ आणि पोट सगळ्यात शेवटी. "माणूस आधी गळ्याकडे बघतो," सासूबाई म्हणायच्या, "पोट कोटाखाली झाकतं." आणि इस्त्री करता करता एक गोष्ट उघडकीला आली. थोरलीला कपडे लक्षात राहायचे. कोणाचा शर्ट, कोणत्या बटणाचा रंग वेगळा, कोणाच्या पँटचा खिसा उसवलेला. चिठ्ठी गळून पडली तरी कपडा हातात घेऊन ती मालक सांगायची. गिऱ्हाईकं तिला 'कॉम्प्युटर' म्हणायला लागली. शेजारचे घड्याळवाले काका तर दारातूनच ओरडायचे, "कॉम्प्युटर, माझा राखाडी कोट झाला का?" थोरली आतून तोऱ्यात सांगायची, "झालाय. आणि खिशात तुमचा चष्मा होता, तो गल्ल्यावर ठेवलाय."

हेच तिचं सर्टिफिकेट. दुपारच्या चहाला ती स्टूल ओढून गल्ल्यापाशी बसायची. सासूबाई तिला मेलेल्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या, दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या गोष्टी फक्त थोरलीच्या होत्या. पोटच्या पोरांनासुद्धा सासूबाईंनी त्या सांगितल्या नव्हत्या.

मग धाकटी आली, आणि धाकटीच्या मागोमाग स्वेटरवाले सर आले.

खोटं कशाला बोला, धाकटी मुलगी वाईट नव्हती. उलट बोलायची नाही, कामचुकार नव्हती. फक्त इस्त्रीत कच्ची. विचारात गुंगली की इस्त्री जागेवरच राहायची आणि कॉलरला पिवळा डाग पडायचा. मग थोरली तो डाग लिंबाने घासत बसायची आणि म्हणायची, "तुझे सर येणार आहेत का हा काढायला?" पण एके दिवशी काय झालं, सरांनी एका गोष्टीत दोन दुकानदार आणले. एक नेहमी खरं बोलणारा, दुसरा नेहमी खोटं बोलणारा. सर म्हणाले, "नेहमी खोटं बोलणाऱ्याला घाबरू नका. तो खऱ्याइतकाच कामाचा. तो 'हो' म्हणाला की 'नाही' समजायचं, काम झालं. धोका असतो तो कधी खरं, कधी खोटं बोलणाऱ्याचा."

धाकटीला ते इतकं आवडलं, की तिने ते जागेवरूनच ओरडून पुढे सांगितलं. गल्ल्यावरून सासूबाईंचं खदाखदा हसणं ऐकू आलं. "अगं धाकटे, हे तर अगदी तुझे सासरे! 'आत्ता येतो' म्हणून गेले की मी खुशाल झोपायची. येणार नाहीत याची खात्रीच असायची!"

धाकटी इस्त्री ठेवून पुढे धावली आणि दोघी हसत सुटल्या. थोरली मधल्या खोलीत एकटी उभी, हातात कुणाचा तरी कफ. सासऱ्यांची गोष्ट. तिच्या वाट्याची गोष्ट. तिला न सांगता धाकटीला सांगितली! कफ इतका कडक झाला, की गिऱ्हाईकाचं मनगट कापलं असतं.

त्या दिवसापासून चहाच्या वेळी सासूबाई आतल्या बाजूला तोंड करून विचारायला लागल्या, "आज काय शिकवलं गं तुझ्या सरांनी?" धाकटी सांगायची, सासूबाई डोकं खाजवायच्या, घड्याळवाले काका दारात थांबून उत्तर शोधायचे. एकदा काका म्हणाले, "वा! आता तुमच्याकडे दोन कॉम्प्युटर झाले. एक जुना, एक नवा." बोलून गेले बिचारे, मनात काही नव्हतं. पण थोरलीला रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "जुन्या कॉम्प्युटरला भूक नसते."

आता एक गंमत सांगायची राहिली. 'आवाज बारीक कर' म्हणणारी थोरली ऐकत होती. न ऐकून जाते कुठे? कान काही इस्त्रीसारखे बंद करता येत नाहीत. सर एखादं कोडं घालायचे आणि म्हणायचे, "आता इथे व्हिडिओ थांबवा आणि स्वतः विचार करा." धाकटी इमानदारीत थांबवायची. आणि मग जी शांतता पसरायची, ती थोरलीच्या जिवावर यायची. कपाटात काळे आणि पांढरे मोजे आहेत, दिवा गेलाय, जोडी नक्की जमायला किती मोजे काढाल? धाकटी विचार करतेय. इस्त्री फिरतेय. वाफेचा फुसकारा येतोय. अगं तीन! तीन गं बाई, तीन! थोरलीच्या जिभेवर उत्तर नाचत असायचं आणि ती ते गिळायची. धाकटी आणखीच सावकाश. "कळलंय वाटतं, पण लगेच बघायचं नाही," ती आपली आपल्याशी म्हणायची, "थोडं राहू द्यावं. छान वाटतं." मग शेवटी व्हिडिओ सुरू व्हायचा, सर म्हणायचे, "तीन. ज्यांना आलं त्यांना शाब्बास." आणि धाकटी अशी लाजायची जणू सरांनी पडद्यातून हात काढून तिच्याच पाठीवर थाप मारली.

ती शाब्बासकी थोरलीची होती. आधी तिला आलं होतं! पण हे सांगणार कोणाला? ज्याच्याविरुद्ध महिनोन्महिने बोंब मारली, तेच आपल्याला आवडतं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? जळत होती बाई, दुसरा शब्द नाही. धाकटीवर जळत होती, सासूबाईंवर जळत होती, त्या स्वेटरवर जळत होती. आणि जळता जळता शिकत होती.

अशात सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका संध्याकाळी खुर्चीतून उठताना त्या कळवळल्या आणि जाहीर करून टाकलं, "पुरे झालं आता. मी घरी बसणार. गल्ल्यावर कोण बसायचं ते रविवारी सांगते."

थोरलीने धास्ती घेतली. खरं म्हणजे घ्यायला नको होती. इतकी वर्षं उभं राहून पायाच्या शिरा निळ्या झालेल्या, ती खुर्ची तिचीच होती. पण सासूबाई धाकटीकडे बघून पुढे म्हणाल्या, "तुझी ती परीक्षा पण याच शनिवारी ना? बघू, काय दिवे लावतेस."

झालं. सासूबाईंच्या मनात काय होतं देव जाणे, पण थोरलीच्या मनात दोन्ही गोष्टींची गाठ बसली. परीक्षेत धाकटी चमकली की खुर्ची गेली. पावत्या, हिशेब, गिऱ्हाईकांशी बोलणं. डोकेबाज सून पुढे, भुसा मागे. सरळच होतं.

परीक्षा अशी होती. सरांच्या कोर्सच्या शेवटी वीस विधानं. प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. शनिवारी दिवसभरात कधीही द्या, पण एकदाच. निकाल रविवारी दुपारी. बक्षीस नाही, कागद नाही, नुसती गंमत. पण धाकटी आठवडाभर पेपर असल्यासारखी धुंदीत होती. आणि नेमकी शुक्रवारी रात्री तिची दाढ ठणकायला लागली. शनिवारी सकाळी गाल हा एवढा. डॉक्टर म्हणाले, अक्कलदाढ आहे, आजच काढू.

"घ्या!" थोरली म्हणाली. "अक्कलदाढ काढून येणार आणि मग अकलेची परीक्षा देणार!"

धाकटी गालाला फडकं लावून नवऱ्यासोबत गेली. दुपार झाली. मागे थोरलीचा नवरा यंत्रापाशी, यंत्रांची घरघर. पुढे सासूबाई गल्ल्यावर डुलक्या काढतायत. मधल्या खोलीत थोरली, आणि समोर स्टार्चच्या डब्याला टेकलेला टॅब्लेट. त्याच्यावर सरांचा फोटो आणि खाली हिरवं बटण, 'परीक्षा सुरू करा'.

बोट आपोआप गेलं म्हणायला ती काही कुकुलं बाळ नव्हती. तिने ठरवून दाबलं. एकेक उत्तर मुद्दाम चुकवायचं आणि धाकटीच्या नावावर अख्खा भोपळा आणायचा, एवढा साधा बेत. कोणाला कळणार? दाढेच्या दुखण्यात हिनेच काहीतरी दाबलं असेल, म्हणतील.

पहिलं विधान आलं. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडला. हॅ! पाऊसच कशाला, कुणीतरी बादली ओतली असेल. चूक आहे हे. म्हणून तिने 'बरोबर' दाबलं. दुसरं. नेहमी खोटं बोलणारा माणूस 'मी खोटं बोलतो' असं कधीच म्हणणार नाही. थोरली थांबली. तो तसं म्हणाला तर ते खरं होईल, आणि खरं तर तो बोलत नाही. म्हणजे हे बरोबर. दाबलं 'चूक'. तिसरं, चौथं, पाचवं. पाचव्याला चांगलाच विचार करावा लागला, हँगर आणि खुंट्यांचं काहीतरी होतं, तिने हवेत बोटांनी हँगर मांडले, पुसले, पुन्हा मांडले. आणि उत्तर सापडलं तेव्हा ती एकटीच हसली. मजा येते, ताई. मेली खरंच येत होती की!

कट करायला बसलेली बाई कट विसरली. तिला आठवत राहिलं फक्त एवढंच, की आधी खरं उत्तर शोधायचं आणि मग त्याच्या उलट दाबायचं. सतरावं तर तिला पोरखेळ वाटला. 'रिकाम्या पेटीतले सगळे चेंडू लाल आहेत.' पेटीत चेंडूच नाहीत आणि म्हणे लाल! धडधडीत चूक. दाबलं 'बरोबर'. अठरा, एकोणीस, वीस. संपलं.

तेव्हा कुठे तिच्या नाकाला वास लागला. तिची इस्त्री टेबलावर पालथी होती. कोणाचा कपडा नव्हता नशिबाने, पण टेबलावरच्या जाड चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. थोरलीच्या टेबलावर! तिने चादर गरकन फिरवली, डागाची बाजू भिंतीकडे केली, आणि एक पडदा घेऊन असा दाबायला लागली जणू जन्मापासून तोच दाबत होती.

धाकटी संध्याकाळी आली, तोंडात कापूस कोंबलेला, बोलायची सोय नाही. तिने टॅब्लेट उचलला. 'तुमची परीक्षा झालेली आहे.' ती बघत राहिली. मग तिने हळूच मान वर केली आणि थोरलीकडे बघितलं. मग थोरलीच्या टेबलाकडे बघितलं. मग भिंतीकडच्या बाजूने चादरीचा जो करपलेला कोपरा लोंबत होता, त्याच्याकडे बघितलं. थोरली पडदा दाबतच राहिली. सासूबाईंनी पुढून विचारलं, "झाली का गं परीक्षा?" धाकटीने कापसातूनच 'हूं' केलं.

रविवारी दुकान अर्धा दिवस. निकालाच्या वेळेला सगळे गल्ल्याभोवती. दोघे भाऊ हात पुसत आलेले, घड्याळवाले काका कोट न्यायच्या निमित्ताने थांबलेले. सासूबाईंनी चष्मा चढवला, टॅब्लेट डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने वाचलं, "वीसपैकी... एक."

 थोरलीच्या तोंडून निसटलं, "एक? हा एक कुठून आला?"

"अगं, एक कुठून आला काय विचारतेस," सासूबाई करवादल्या, "बाकीचे एकोणीस कुठे गेले ते विचार! एवढे दिवस त्या मास्तरांना डोक्यावर घेऊन नाचलीस धाकटे, आणि एक मार्क? त्यापेक्षा अख्खा भोपळा बरा, दिसायला तरी गोल असतो!"

भाऊ हसले, काका हसले. हसली नाही ती फक्त धाकटी. ती थोरलीकडे बघत होती. बाकी सगळ्यांनी जे ऐकलं ते जावेचा टोमणा म्हणून ऐकलं. तिने एकटीने ते नीट ऐकलं. मग सुजल्या गालाने तिने तोंड उघडलं आणि बोबडं बोलली, "अक्कलदाढ काढली ना, आई. तिच्याबरोबर गेले असतील एकोणीस."

पुन्हा हशा. सासूबाईंनी डोळे पुसले, कमरेची किल्ली सोडली आणि थोरलीच्या हातात ठेवली. "घे बाई. एक मार्कवालीला गल्ल्यावर बसवलं तर दुकान विकावं लागेल. उद्यापासून तू."

किल्ली गरम होती, सासूबाईंच्या कमरेची ऊब होती तिला. हवं ते मिळालं होतं. थोरलीला वाटलं होतं, त्या क्षणी आपल्याला आभाळ ठेंगणं होईल. झालं नाही. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तो एक कुठून आला?

बाकीची मंडळी पांगली. दोघी मधल्या खोलीत टेबलं आवरायला आल्या. धाकटीने इस्त्रीची वायर गुंडाळली. मग थोरलीकडे पाठ करूनच म्हणाली, "ताई, डोळे मिटून बटणं दाबली असती ना, तरी वीसातली निम्मी बरोबर आली असती. माकडाने दाबली असती तरी."

थोरली चादर झटकत राहिली.

"एकोणीस चुकवायची तर एकोणीस यावी लागतात. सरांचा तो खोटं बोलणारा दुकानदार आठवतो ना?"

"मला काय कळतंय त्यातलं," थोरली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

धाकटी वळली. "मला पाचवं आलं नसतं. ते हँगरचं. काल घरी प्रश्न उघडून बसले होते त्याच्यावर, दाढेची जागा ठणकत असताना. नाही आलं. चौदावंही नाही. मी इतके दिवस समोर बसून, थांबवून थांबवून बघतेय. आणि तुम्ही नुसतं ऐकून. तेही बारीक आवाजात."

तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर, डोळ्यांच्या कडेला काहीतरी आलं होतं. थोरलीने ते लगेच ओळखलं. तिला नाही ओळखू येणार तर कोणाला? महिनोन्महिने आरशात तेच बघत होती ती. हेवा होता तो, अस्सल. आणि तो तिच्यावर होता! भुसा भरलेल्या डोक्यावर! थोरलीला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, नाही असं नाही. पण त्या लाजेच्या आधी, अगदी आधी, तिला इतकं गोड वाटलं की त्याचीच मग दुप्पट लाज वाटली.

"मग सांगितलं का नाहीस आईंना?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर गल्ला माझ्या गळ्यात पडला असता." धाकटीने खांदे उडवले. "तिथे बसून एक धडा पुरा होत नाही. दर मिनिटाला कोणीतरी येतं. मला नकोच होती ती खुर्ची. रविवारची धास्तीच घेतली होती मी. पण ताई, माझी परीक्षा होती हो ती. मला द्यायची होती."

हे शेवटचं ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. थोरलीने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने या घरात फार कमी वेळा वापरलेले, त्यामुळे जरा अडखळतच बाहेर पडले. टॅब्लेटवर वीसातल्या एकाच विधानापुढे हिरवी खूण होती, सतराव्यापुढे. मग तिला राहवेना. "पण सतरावं बरोबर कसं गं? पेटीत चेंडूच नाहीत. लाल कुठून असतील?"

धाकटीचा गाल दुखत असतानाही ती हसली. "तो धडा झाला त्या दिवशी तुमचं डोकं फारच उठलं होतं. आवाज अगदी बंदच करायला लावलात."

"ते झालं. आता सांग."

धाकटीने टॅब्लेट पिशवीत टाकला आणि दाराकडे निघाली. "आता इथे थांबवा," ती अगदी सरांच्या सुरात म्हणाली, "आणि स्वतः विचार करा."

सोमवारपासून थोरली गल्ल्यावर. विटकी निळी उशी, पावत्यांचा गठ्ठा, उंच पाठ. गिऱ्हाईकं म्हणाली, शोभून दिसता. काका म्हणाले, कॉम्प्युटर आता शोकेसमध्ये आला. पायांना आराम होता, तक्रारीला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती. इस्त्रीच्या खोलीतलं हसू गल्ल्यावर पोचतं, पण सरांचं बोलणं पोचत नाही. रस्त्यावरच्या गाड्या, काचेच्या दाराची कुरकुर, "माझी पावती हरवली हो", "हा डाग निघेल का हो". सर बोलतायत हे दिसायचं, स्वेटर हलायचा, खडू हलायचा. काय बोलतायत ते कळायचं नाही. सासूबाईंना आजवर जे काही कळत होतं, ते धाकटीच्या तोंडूनच कळत होतं, हे आता तिच्या लक्षात आलं. तिच्या जुन्या टेबलावर नवी बाई कामाला ठेवली होती. ती बाई कॉलर दाबता दाबता पडद्याकडे बघायची आणि धाकटीला काहीतरी विचारायची. त्या दोघी बोलायच्या! थोरली मान वळवून वळवून बघायची आणि जळायची. हा जळण्याचा जिन्नस काही तिच्या नशिबातून संपत नव्हता, फक्त टेबल बदललं होतं.

आणि चेंडू. आंघोळीला चेंडू, जेवताना चेंडू. रिकामी पेटी, त्यातले सगळे चेंडू लाल. कसे लाल? कोणी म्हटलं हिरवे, तर? धाकटी हूं की चूं करत नव्हती. विचारलं की म्हणायची, "थोडं राहू द्या, छान वाटतं." सूड घेत होती कार्टी, आणि तो तिचा हक्कच होता.

आठवड्याअखेरीस संध्याकाळी घरून सासूबाईंचा फोन आला. रोज यायचा. गुडघे घरी असले तरी जीव दुकानात होता.

"कोणाचं काही राहिलं नाही ना? रॅकवरच्या सगळ्या कपड्यांना इस्त्री झाली?"

थोरलीने मागे वळून रॅककडे बघितलं. रॅक रिकामा होता. एकूण एक कपडा गेला होता, नुसते हँगर लटकत होते.

"झाली आई," ती रोजच्यासारखी म्हणाली, "सगळ्यांना झाली."

फोन ठेवला. आणि तिचा हात फोनवर तसाच राहिला. आपण आत्ता काय म्हणालो? रॅकवर एकही कपडा नाही, आणि आपण म्हणालो सगळ्यांना इस्त्री झाली. खोटं बोललो का? मुळीच नाही. कोणी मला खोटं पाडायला येऊ दे की! मला खोटं पाडायचं तर त्याला बिनइस्त्रीचा एक कपडा काढून दाखवावा लागेल. कुठून काढणार? तसंच लाल नसलेला चेंडू... त्या पेटीतून... कोण काढून दाखवणार...

"अगं बाई!" थोरली एकदम मोठ्याने म्हणाली. दारातलं गिऱ्हाईक दचकलं.

कोणाला सांगायचं? पावत्यांना? काकांचं दुकान बंद झालेलं. ज्या एका माणसाला हे सांगण्यात अर्थ होता, ते माणूस आत, मधल्या खोलीत, हिरव्या स्वेटरकडे बघत इस्त्री फिरवत होतं. सरांनी काहीतरी विचारलं असावं. धाकटीने हात पुढे करून व्हिडिओ थांबवला आणि छताकडे बघत विचार करायला लागली. तिचा तो शांत, सुखी चेहरा. काय विचारलं असेल? काय कोडं असेल? थोरली खुर्चीतून अर्धी उठली. राग होता, हेवा होता, की नुसती भूक होती, तिलाच कळेना. इतक्या वर्षांत मिळवलेली खुर्ची, आणि तिच्यावर बसून नेमकं हवं ते तेवढं ऐकू येत नव्हतं.

धाकटीने पुन्हा व्हिडिओ सुरू केला. सरांचे ओठ हलले.

"ए!" थोरलीने गल्ल्यावरून हाक मारली. "अगं ए! मोठा कर की तो आवाज!"

धाकटीने वळून बघितलं. "डोकं उठेल हं, ताई."

"उठू दे," थोरली म्हणाली. "आणि थांब, पहिल्यापासून लाव."